तांबडी भुकटी

सोमवार, ३
आलो बाई एकदाचे नव्या गावात! दोनच खोल्या, पण स्वयंपाकघराला भलीमोठी खिडकी आहे. नोकरी मला मिळाली, म्हणून आमची स्वारी सध्या घर सांभाळणार. दिवसभर ट्रंकेवर बसून हुकूम सोडत होती. एक खिळा ठोकला, तोही वाकडा, आणि वर म्हणे भिंतच कच्ची. नाचता येईना, अंगण वाकडं. हसून हसून माझं पोट दुखलं.

गुरुवार, ६
वर्कशॉपमध्ये क्रेनचे हुक येतात. ते मोडायच्या आधी त्यांच्यातले तडे शोधायचे, हे माझं काम. दोन पायांचं चुंबक हातात धरायचं, पाय हुकवर टेकवून बटण दाबायचं, वर लोखंडाची तांबडी भुकटी भुरभुरायची आणि हलकेच फुंकर मारायची. बाकीची उडते, तड्यावरची चिकटून बसते. डोळ्याला न दिसणारी भेग तांबडी रेघ होऊन समोर येते. आजवर माझ्या हातून एकही तडा निसटलेला नाही, हे फोरमनला दोनदा ऐकवलं. तो म्हणाला, बघू. खडूस आहे मेला.

सोमवार, १०
आज गंमतच झाली. क्रेनवाले काका हुक धरून उभे होते, भुकटी त्यांच्या मनगटावर सांडली. फुंकर मारली तर हुक स्वच्छ आणि मनगटावर बारीक रेघ! पुसली, पुन्हा चुंबक लावलं, तर रेघ तिथेच. माणसाच्या अंगात असं लोखंड असणार तरी किती? काका म्हणाले, काढा आता मला भंगारात. सगळे हसले.

बुधवार, १२
काका गेले. चहा पिता पिता, बोलता बोलता वाक्य अर्धंच राहिलं. आजार काही नव्हता म्हणतात. मला जेवण गेलं नाही.

सोमवार, १७
स्टोअरवाल्या मावशी मागेच लागल्या, माझंही बघ म्हणून. नको नको म्हणत होते मी. मानेवर रेघ उमटली. भुकटी ओलसर झालीय, असं सांगून वेळ मारून नेली. आधी स्वतःच्या हातावर करून बघितलं होतं, तेव्हा भुकटी कोरडी ठणठणीत होती, एका फुंकरीत सगळी उडाली.

गुरुवार, २०
मावशीही गेल्या. त्यांच्या मुलीच्या गळ्यात पडून रडले, तोंड मात्र उघडलं नाही. वर्कशॉपमध्ये कुणी माझ्याजवळ फिरकत नाही. अहो, तडा मी दाखवते, पाडत नाही. पण सांगू कुणाला?

रविवार, २३
राहवलं नाही. चुंबक घरी आणलं. दुपारी स्वारी सदरा काढून लोळत होती. चुंबकाचा एक पाय गळ्याखाली टेकवला, एक बेंबीपाशी. गुदगुल्या होतात म्हणून नुसता हसत होता. भुकटी टाकली, फुंकर मारली. सगळी उडाली! त्याच्या पोटावर डोकं ठेवून मी ढसाढसा रडले. म्हणाला, वेडी का खुळी तू. जीव भांड्यात पडला माझा.

सोमवार, २४
फोरमननं सगळ्यांसमोर झापलं. हुक एकाच दिशेनं तपासून सोडला होता मी. तडा चुंबकाच्या दोन पायांच्या रेषेतच असला तर भुकटी धरत नाही. चुंबक आडवं फिरवून पुन्हा बघावं लागतं. हे तर पहिल्या दिवशी शिकवतात. मला ठाऊक आहे. मला ठाऊक—
काल घरी मी चुंबक नुसतं उभंच लावलं.

मंगळवार, २५
आडवं लावलं. भुकटी टाकली—
गळ्यापासून बेंबीपर्यंत. सरळ. उभी. फुंकर मारली, पुन्हा मारली, तोंड कोरडं पडेस्तोवर मारली. जात नाही.
त्यानं विचारलं, "आहे का गं काही?"
"काही नाही. ठणठणीत आहेस."
पटलं त्याला. लगेच पटलं. देवा—

बुधवार, २६
कामावर गेले नाही. त्याला दाराबाहेर जाऊ दिलं नाही. सारखी बघत बसले तर म्हणतो, दृष्ट लावशील. तू नसलास तर मी या खोल्यांत काय— नको. लिहायचं नाही ते.
भाजी आज तोच करतोय, मी नुसतं बसायचं म्हणे. विचारतोय, मीठ कुठे ठेवलंस. सांगितलं. आता म्हणतो, तुझ्या हाताला जी चव आहे ना, ती माझ्या—
थांबला.
भांडं पडलं नाही. काही नाही. नुसता थांबला. मी हाक मार