नागिणीवर फुल डोस

७ मार्च १९९४, पिंप्राळा
पुष्पाच्या कमरेवर नागीण उठली. फोड, पाणी, चिकट साडी. शिसारी आली. आधीच बायकोच्या किडन्या गेलेल्या, डायलिसिससाठी धुळ्याच्या फेऱ्या, त्यात हे. स्किनच्या डॉक्टरांनी विचारलं, दुसरा काही आजार? मी म्हणालो, सगळं नॉर्मल. किडनीचं नाव काढलं की डॉक्टर घाबरतात, औषध अर्धंच देतात. संकल्प: फुल डोस. आठवड्यात खडखडीत.

९ मार्च
गोळ्या वेळेवर देतोय. तिची जीभ जड झाली. चहात बोटं बुडवून बसली. किळसवाणा प्रकार. औषध लागू पडतंय, बाकी काही नाही. उद्याचं डायलिसिस पुढे ढकललं. हे असलं अंग घेऊन एसटीत कोण बसणार?

१० मार्च, दुपारी
हातापायांना झटके. भिंतीवर मुंग्या दिसतात म्हणे. शेजारच्या सुंदरबाईंना म्हणाली, "या माणसाले बाहेर काढा. याच्या थुंक्या धुवून धुवून मी थकली." मी फक्त मोरीतच थुंकतो! मनावर घेणार नाही. गोळी चुकवली नाही.

११ मार्च, धुळे
सुंदरबाईंनी परस्पर फोन केला. मेहुणा चुडामण यावलहून जीप घेऊन आला, बहिणीला उचलून इथे आणलं. इथले डॉक्टर भडकले. किडनी औषध बाहेर टाकत नाही, ते साठत गेलं आणि मेंदूवर चढलं, म्हणाले. किडनीचं का लपवलं, असंही विचारलं. मी पंख्याकडे बघितलं. गोळ्या बंद, ताबडतोब डायलिसिस. वॉर्डात फिनेल आणि उलटीचा वास. जेवण गेलं नाही. भजी खाल्ली.

१२ मार्च
माझ्या बुटांवर ओकली. परत तेच: याले बाहेर काढा. सिस्टरला समजावलं, ही औषधाची बडबड. शुद्धीवर आली की माफी मागेल. मी मोठ्या मनाने माफ करणार.

१४ मार्च
शुद्धीवर आली. डॉक्टरांनी वार विचारला, गाव विचारलं. सगळं बरोबर. "हे कोण?" "आमचे मालक." मी पुढे सरकलो, चेहरा प्रेमळ केला. ती शांतपणे भावाला म्हणाली, "भाऊ, मला यावलला ने. यांच्या हातचं पाणीसुद्धा नको."
डॉक्टरांना बाजूला घेऊन म्हणालो, मेंदूत थोडं औषध राहिलेलं दिसतंय.
नाही म्हणाले.

१७ मार्च
डिस्चार्ज. जीपमध्ये एक जागा रिकामी होती. बराच वेळ दाराशी उभा राहिलो. बसा, असं कोणी म्हणालं नाही.
एसटीने आलो.