समुद्राची पाळी

४ मार्च

वहीबाई, उशीर झाला, राग मानू नकोस. दिवाळीपासून तुला हात लावला नाही. चष्मा सापडत नव्हता. सापडला, तर सगळी काळजी स्पष्ट दिसायला लागली.

धाकटी संयोगिता आंध्रात आहे. आपली कृष्णा समुद्राला मिळते तिथल्या खाडीत होडीतून फिरते आणि पाणी मोजते. नदीनं किती गोडं पाणी खाली सोडलं म्हणजे खाडी जगेल, ते तिला काढायचंय. एवढं शिकवलं, आणि पोरगी म्हणते समुद्राला पाणी कमी पडतंय. आम्ही सातवीत थांबलो ते बरं.

पोहता येत नाही तिला.

७ मार्च

मानसिंग फौजी पेढे मागायला आला. "आबा, पोरगी खाडीत गेली म्हनं. लय पगार आसंल." फौजेत हिंदी शिकला, हिंदीत खाडी म्हणजे आखात, म्हणून त्याच्या लेखी खाडी म्हणजे दुबई. सांगितलं, बाबा रे, ही चिखलाची खाडी. खेकडे, कोळंबी. तोंड उतरलं त्याचं. "मग खेकडं मोजाय एवढं शिकीवलं व्हय?"

पेढे वाचले.

१५ मार्च

उपसाबंदी. नदीवरच्या मोटरींची वीज बंद. दर उन्हाळ्यात येते — पण यंदा गावाला कारण सापडलं. माझी मुलगी! चहाच्या टपरीवर मानसिंगच सांगत होता, "आबाच्या पोरीनं आपलं पाणी माशांच्या बाळंतपणाला न्हेलं." आमच्या घराचा एवढा वट असता तर गल्लीतला दिवा तरी लागला असता.

ही म्हणते, "आवं, बोलू द्या की लोकास्नी." हिला झोप लागते.

१८ मार्च

पाणी संस्थेची सभा. चेअरमन ऋषिराज वयानं नातवाएवढा, खुर्ची दोन माणसांची. "आबा, पोरीला फोन लावा. आकडा निम्मा लिही म्हणावं. खाडीला काय कळतंय?" मागून कुणीतरी, "न्हाईतर तुमची पाण्याची पाळी शेवटाला." शेवटची पाळी म्हणजे ऊस अर्धा वाळणार. सगळे माझ्याकडं बघत होते. मी म्हणालो, "बघतो." या एका शब्दावर माझं आयुष्य निघालंय.

१९ मार्च

फोन लावला. होडीतच होती, नुसता वारा ऐकू येत होता. आकड्याचं बोललो. मग म्हणाली —

"आबा, वरनं गोडं पाणी येत नाही म्हणून समुद्र नदीत शिरलाय. कोळ्यांच्या विहिरी खारट झाल्यात. मी फक्त किती लागतं ते लिहिते. तुमच्या उसाला किती लागतं, कधी मोजलं का कुणी?"

"मोजायचं काय त्यात? येईल तेवढं."

"म्हणूनच आपलं खालचं रान गेलं."

फोन कट झाला. रेंज गेली असेल. रेंजच.

२० मार्च

खालच्या रानात गेलो. ऊस यायचा तिथं आता वेड्या बाभळी आणि पांढरा थर. पूर्वी पाणी शेवटच्या सरीला पोचलं की तिथला माणूस "पोचलं!" म्हणून लांबनं हाळी द्यायचा, मग वरचा मोटर बंद करायचा. पुढं साऱ्या गावानंच सरीला उभं राहणं सोडलं. मोटर लावायची आणि घरी जायचं. रान पीत राहिलं, खालचं मीठ वर आलं.

बोटाला लावून चाटलं. तिकडं पाणी न मिळून मीठ, इकडं पाणी पिऊन मीठ. एकाच नदीची दोन्ही टोकं खारट करून दाखवली आम्ही. सत्कार व्हायला हवा.

२४ मार्च

बंदी उठली. ऋषिराजचा फोन — "काय म्हणाली पोरगी?" म्हणालो, "तिचा आकडा मोजलेला आहे. आपला नाही. कमी कर म्हणणार नाही मी." इथं लिहिताना आवाज खणखणीत वाटतोय. फोनवर मधे तीनदा खोकलो.

"मग तुमची मर्जी, आबा."

पाळी शेवटाला गेली. गावाचं काम एवढं झटपट झालेलं पहिल्यांदा पाहिलं.

२ एप्रिल

तिचा फोन नाही. मानसिंग विचारतो, "दुबईला रेंज नसती व्हय?"

६ एप्रिल

पाळी आली. ऊस निम्मा पिवळा. हिला मोटरीपाशी बसवलं, मी शेवटच्या सरीला उभा राहिलो. पाणी पायाला लागलं तशी हाळी दिली. हिनं बटण दाबलं. पाळीचा वेळ निम्माच सरला होता!

उरलेली पाळी शेजाऱ्याला द्यायची पद्धत आहे. माझ्याकडून कोण घेतोय आता? पाणी नदीतच राहू दिलं, पाळी समुद्राला दिली.

संयोगिता, वाटेत धरणं लय आहेत, ठाऊक आहे मला. तरी तू सरीच्या शेवटाला उभी आहेस. पाणी पोचलं तर हाळी दे. नाही पोचलं तरी दे. लवकर दे.