जिंकलं की खुर्ची बदलायची

सर, तो ताऱ्यांचा खेळ मी अजून खेळते आणि अजून जिंकते. यात सांगण्यासारखं काही नाही. तीनशे फेऱ्यांचा डाव असतो. शंभराव्या फेरीच्या आतच कळतं की डाव माझा आहे, आणि पुढच्या दोनशे फेऱ्या म्हणजे नुसती जहाजं इकडून तिकडे ढकलणं. खेळ आता नवा आला आहे, चित्रं झकपक झाली आहेत, पण आतून तोच आहे: ग्रह घ्या, खाणी काढा, जहाजं बांधा, शेजाऱ्याच्या आधी शोध लावा आणि मग शेजाऱ्याला गिळा. इंटरनेटवर हा खेळ खेळणाऱ्यांचे गट आहेत. सारखं जिंकायला लागल्यावर खेळात मजा कशी टिकवायची, यावर तिथे पानंच्या पानं लिहिलेली असतात. मी ती वाचते आणि मला त्या लोकांची कीव येते. निम्मे जण सांगतात, शत्रूची पातळी सगळ्यात वर न्या. वर नेल्यावर संगणक हुशार होत नाही, त्याला फक्त लोखंड दुप्पट मिळतं. तोच मठ्ठ शत्रू, त्याच चुका, खिसा तेवढा भरलेला. अशा शत्रूला हरवून लोक पडद्याचे फोटो टाकतात आणि खाली बाकीचे वाहवा करतात. उरलेले निम्मे स्वतःलाच बेड्या घालून घेतात: एकाच ग्रहावर राहीन, पन्नास फेऱ्या जहाज बांधणार नाही, सगळ्यात नापीक ग्रहापासून सुरुवात करीन. हे वाचलं की तुमची आठवण येते, सर. ती चांगली येत नाही.

कारण या बेड्या मी पहिल्यांदा तुमच्याकडे पाहिल्या. धाडच्या आमच्या शाळेत सरकारने दिलेले दहा संगणक होते, त्यातले चार चालायचे, आणि त्या खोलीची किल्ली विज्ञानाचे सर म्हणून तुमच्याकडे असायची. आई शाळेत खिचडी शिजवायची. शनिवारी शाळा सकाळची, पण आईची भांडी दुपारपर्यंत चालायची, आणि तिच्यासाठी थांबलेली मी त्या खोलीच्या दारात उभी असायचे. मला अजून ते दिसतं. तुम्ही चप्पल काढून, एक पाय खुर्चीवर घेऊन बसलेले आहात, समोर काळ्या पडद्यावर ठिपके आहेत, आणि तुम्ही मागे न बघता म्हणता, "उभी काऊन हायेस? येणं असंल तं ये, नाही तं दार लाव, ऊन येऊन राह्यलं." मी आठवीत होते. तुमच्या मेव्हण्याने पुण्याहून आणून दिलेली ती सीडी होती. तुम्ही मला एका दुपारी सगळं शिकवलंत, आणि दिवाळीपर्यंत मी संगणकाच्या तिन्ही शत्रूंना हरवायला लागले. नववीत गेल्यावर तुम्हालाही.

तेव्हा तुमचे नियम सुरू झाले. सीडीच्या कागदी पाकिटावर तुम्ही ते लाल पेनाने लिहून ठेवायचात आणि दर महिन्याला एक वाढवायचात. एकच ग्रह. जहाज नाही. व्यापार नाही. नकाशाचा अर्धा भाग झाकून खेळायचं, त्यासाठी तुम्ही पडद्यावर वहीचा पुठ्ठा चिकटवायचात. मला तेव्हा मजा वाटायची. आज वाटत नाही. आज वाटतं, मुद्दाम गरीब होऊन बघण्याचा शौक होता तो. आमच्या घरी हे सगळे नियम न लिहिता लागू होते. बाबांची काळीपिवळी जीप धाड ते बुलढाणा आणि बुलढाणा ते धाड, दुसरा रस्ता नाही. आई शाळेच्या चुलीपासून उठली की घरच्या चुलीपाशी, तिसरी जागा नाही. घरात माझ्याआधी कोणी दहावी ओलांडली नव्हती, म्हणजे अर्धा नव्हे, अख्खाच नकाशा झाकलेला होता. तुम्ही पुठ्ठा काढून चहाला घरी जाऊ शकत होतात. ज्याच्याकडे जास्त आहे तोच थोडं खाली ठेवून स्वतःची परीक्षा घेऊ शकतो, आणि मग त्या परीक्षेत पास झाल्याचं त्याला केवढं कौतुक.

दोन नियम मात्र मी अजून पाळते. एक, हरल्यावर मागचा साठवलेला डाव उघडायचा नाही. दुसरा नियम पाकिटावर नव्हता. एका शनिवारी आपण दोघं एकाच संगणकावर खेळत होतो. एकाची फेरी चालू असताना दुसऱ्याने भिंतीकडे तोंड करून बसायचं, अशी आपली पद्धत होती. तुम्ही भिंतीवरचा मूलद्रव्यांचा तक्ता वाचत बसायचात. साठाव्या फेरीला तुमच्याकडे दोन ग्रह उरले आणि माझ्याकडे एकोणीस. मी म्हणाले, "सर, झालं ना आता." तुम्ही उठलात आणि म्हणालात, "ऊठ."

"काऊन? जिंकले ना मी."

"जिंकली म्हणूनच ऊठ. खुर्ची बदल. आता माहे दोन ग्रह तुहे, अन् तुहे एकोणीस माहे. वाचव त्याहिले."

मला रडू आलं होतं. मीच बांधलेली जहाजं माझ्यावर चालून येत होती, आणि तुम्ही ती मजेत चालवत होतात. चार फेऱ्या मी नुसता मार खाल्ला. मग आठवलं की माझ्या सगळ्या जहाजांचं इंधन कोपऱ्यातल्या एका लहान ग्रहावरून यायचं आणि तिथे मी पहारा ठेवला नव्हता, कारण तिथवर कोणी येईल असं मला जिंकताना कधी वाटलंच नव्हतं. उरलेली तीन जहाजं मी तिथे पाठवली. तुमचं, म्हणजे माझंच, सगळं आरमार जागच्या जागी थांबलं. तुम्ही भिंतीकडून वळून पडदा पाहिलात आणि एवढे हसलात की आई हाताला राख तशीच ठेवून दारात आली. "सोताच्याच घरी चोरी केली हिनं," तुम्ही तिला सांगितलंत. आईला काही कळलं नाही. ती म्हणाली, "रागवा तिले, सर, वस्तू गेली का काही?"

हा एकच नियम खरा होता, हे मला आता कळतं. वजन वाढवलं की खेळ फक्त जड होतो. खुर्ची बदलली की आपण जिंकताना काय बघितलं नाही ते दिसतं. आणि त्यात तुम्हीही उठला होतात. हे मी इतकं सविस्तर लिहिते आहे, कारण पुढे जे तुम्ही केलंत त्यात तुम्ही उठला नाहीत.

दहावीच्या लेखी परीक्षेआधीच्या शनिवारी तुम्ही मला बोलावलंत आणि ती सीडी पाकिटासकट माझ्या हातात दिलीत. मला जन्मात कोणी दिलेली ती पहिली वस्तू होती जिचा घरात दुसऱ्या कोणाला उपयोग नव्हता. मग तुम्ही किल्ली फिरवत सहज म्हणालात, "विज्ञानाच्या प्रात्यक्षिकात सगळ्याहिले अठरा-एकोणीस दिले. तुले तेरा दिले म्या." "वीस देले असते तं तू थांबली असती. तुले सोपं नाही मानवत. लेखीत काढ भरून." आणि मी, सर, मी खूश झाले. ती गोष्ट मला अजून चावते. मला वाटलं, वर्गातल्या पन्नास पोरांत सरांनी फक्त माझी पातळी वर नेली. मी घरी जाऊन हे कोणाला सांगितलंही नाही, कारण तो आपल्या दोघांतला नियम होता.

जूनमध्ये निकाल लागला. शाळेत मी पहिली आले, म्हणून हार घातला. पण मला औरंगाबादच्या त्या कॉलेजात जायचं होतं, जिथे मुलींना गुणांवर वसतिगृह मिळायचं. ते मिळालं तरच बाबा पाठवणार होते, कारण खोली करून ठेवणं शक्य नव्हतं. यादी लागली त्यात माझं नाव दुसऱ्या पानावर होतं, प्रतीक्षा यादीत तिसरं. पहिल्या पानावरच्या शेवटच्या मुलीत आणि माझ्यात चार गुणांचं अंतर होतं. तुम्ही घेतलेले सात. प्रतीक्षा यादीतून एकच मुलगी वर गेली. बाबा म्हणाले, "जाऊ दे. बुलढाण्याले काय कॉलेज नाही का? माह्याच जीपीत ये-जा कर. पण पुढं बसू नको, सवाऱ्याइशी बोलत बसशील. मांगं बस अन् पुस्तक वाच." पाच वर्षं मी मागे बसले. बारावी झाली, बी.एस्सी. झालं, घरातली पहिली पदवी झाली, त्या दिवशी बाबांनी जीप धुतली. सगळं झालं. पण त्या कॉलेजातल्या ज्या प्रयोगशाळेची मी चित्रं पाहिली होती ती मी आजवर आतून पाहिलेली नाही.

तुम्ही त्या उन्हाळ्यानंतर दोनदा आईजवळ निरोप दिलात, "तिले म्हणा, शनिवारी खेळाले येजो." मी गेले नाही. दिवाळीच्या सुट्टीत मेहकरला जाताना एसटीतच तुमच्या छातीत दुखलं आणि तुम्ही गेलात. या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. घरातली पहिली पदवीधर म्हणून सत्काराला बोलावलं की लोक आजही माईकवर सांगतात, परिस्थितीने ही मुलगी घडवली. मला त्या माणसांच्या तोंडाकडे बघवत नाही. परिस्थिती कोणाला घडवत नाही, ती फक्त ज्यांना मोडते त्यांना माईकपाशी येऊ देत नाही. आई तुमचं नाव निघालं की हात जोडते. एकदा मी तिला ते तेरा गुण सांगितले. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "असंन काही त्याहिच्या मनात. देवमाणूस होता तो. तू काऊन वाकडं बोलून राह्यली?" मी म्हणाले, देवमाणूसच होते, म्हणून विचारायची गरज वाटली नाही त्यांना. आई ताट उचलून आत गेली.

तुम्हाला सांगायचं होतं ते इतकंच. खेळात तुम्ही मला उठवलंत आणि स्वतः माझ्या जागी बसलात. माझे गुण कापताना एकदा तरी मागच्या सीटवर बसून पाहायचं होतंत. तो डाव मला मागे जाऊन उघडता येणार नव्हता. तुमच्यासाठी ती गंमत होती. डाव माझा होता.

आता मी मोताळ्याकडच्या एका शाळेत तासिका तत्त्वावर विज्ञान शिकवते. या आठवड्यात दहावीच्या प्रात्यक्षिकांचे गुण भरायचे आहेत. मुख्याध्यापक म्हणतात, "मॅडम, आपल्याकडे अठराच्या खाली आकडा नसतो. पोरानं परीक्षानळी पाहिली असली तरी पुरे." ते स्वतःच्या विनोदावर हसले. ज्यांनी वर्षभर लिटमस हातात धरला नाही त्यांनाही अठरा. संगणकाला मिळतं तसं फुकटचं लोखंड. मला या फुकटेपणाचा तिटकारा आहे, आणि याच्या विरुद्ध टोकाला जो तुमचा शौक होता त्याचाही. मी ठरवलं होतं, जे केलं त्याचे गुण द्यायचे, ना कमी ना जास्त. तसा तक्ता केला, प्रत्येक प्रयोगापुढे खूण केली, मुख्याध्यापकांशी भांडायची तयारीही ठेवली.

वर्गात एक मुलगी आहे. मी प्रयोग समजावून सांगायच्या आत तिचा झालेला असतो. मग ती हनुवटी टेबलावर टेकवून बाकीच्यांची गंमत बघते, आणि माझ्याकडे बघते तेव्हा तिच्या नजरेत असतं की अजून काय आहे तुमच्याकडे. तिचे सगळे प्रयोग बरोबर आहेत, वही पूर्ण आहे. तिचे वीस होतात. काल दुपारी शिक्षकखोलीत मी तक्ता भरत होते, तिच्या नावापाशी आले आणि पेन ठेवून पेन्सिल उचलली.

नंतर मी उठले. खरंच उठले, सर, टेबलाच्या पलीकडे गेले, आणि विद्यार्थी वही दाखवायला येतात तेव्हा बसतात त्या स्टुलावर बसले. तिथून तक्ता उलटा दिसतो, आकडे नीट वाचता येत नाहीत. बराच वेळ बसून राहिले. मग परत येऊन खोडलं आणि पेनाने वीस लिहिलं.

तुमच्या पत्नी, आमच्या काकू, आता मेहकरला मुलाकडे असतात. त्यांचा पत्ता माझ्याकडे आहे, पण हे पत्र त्यांना पाठवण्यात अर्थ नाही. त्यांनी काही केलं नव्हतं. ते सीडीच्या पाकिटात राहील. वीसच्या खाली कागदावर पेन्सिलीचा पंधरा अजून दिसतो, जोर देऊन लिहिला होता. तो लिहिताना मला वाईट वाटत नव्हतं. तिच्यावर फार जीव आहे आपला, असं वाटत होतं.