मूत्रपिंड सर

४ मे

परत ओली खुर्ची! गणितवाले सर आणि त्यांची बायको चहाला आले होते. मी आमच्या जुन्या हेडमास्तरांची नक्कल केली. आमची ही हसली, आणि हसता हसता एकदम गप्प झाली. मी काय ते ओळखलं. पाहुणे निघाले तरी बाईसाहेब उठेनात! "बसू दे तिला, टाकी फुटलीय," मी म्हणालो. गणितवाले खो खो हसले. त्यांची बायको नाही हसली. तिचीही टाकी जुनीच की.

नंतर ही म्हणाली, "अहो, चारचौघांत असं नका ना बोलू." म्हटलं, शास्त्राला लाज नसते. जन्मभर दहावीला उत्सर्जन संस्था शिकवली मी. पोरं माझ्या पाठीमागे मला 'मूत्रपिंड सर' म्हणायची. ठाऊक होतं मला, आवडायचंही.

५ मे

तिला नीट समजावलं. फ्रिजच्या दारावर मार्करने आकृतीच काढली. वर दोन मूत्रपिंडं, रक्त गाळणारी. त्यांतून खाली येणाऱ्या दोन नळ्या. मग मूत्राशय — स्नायूंची पिशवी, भरली की मेंदूला निरोप धाडते. तिच्या तोंडाशी आवळून धरणारा स्नायू, आणि या सगळ्याला खालून पेलणारी स्नायूंचीच झोळी.

"ही झोळी तुझी सैल झालीय," मी म्हणालो. "खोकलीस, शिंकलीस, हसलीस की वरून दाब येतो आणि गळतं." तिथे लाल बाण काढला आणि बाणापुढे तिचं नाव लिहिलं. पुसायचं नाही, बजावलं. येणाऱ्याजाणाऱ्यालाही चार शब्द कळू देत.

११ मे

मुलगी आणि जावई जेवायला. मुलीने फ्रिज बघितला आणि तिचा पारा चढला. "बाबा, हे आधी पुसा! आईला मी डॉक्टरकडे नेते. व्यायाम असतात याला, गोळ्या असतात." मी घरात असताना डॉक्टर कशाला? पाणी कमी प्यायचं. आत कमी, बाहेर कमी!

"उलट होतं बाबा. लघवी घट्ट झाली की आत झोंबते, सारखं जावंसं वाटतं." आता मुलगी मला शिकवणार!

व्यायाम हवाय ना? घेतला लगेच. चमच्याने ताटावर ताल धरला — "आवळ! सोड! आवळ! सोड!" जावई मान खाली घालून भात कालवत राहिला. हिने हातातला घास खाली ठेवला आणि उठून गेली. माणसाला थोडी विनोदबुद्धी असावी.

२ जून

हे फक्त इथे. जाऊन उभा राहतो तर सुरूच होत नाही. झाली तर बारीक धार, थांबत थांबत. बाहेर आलो की पुन्हा जावंसं वाटतं. प्रोस्टेट! मूत्राशयाखालची ग्रंथी — उतारवयात फुगते आणि मधून जाणारी नळी आवळते. वर्गात हे एका वाक्यात उरकायचो.

डॉक्टरकडे गुपचूप जाऊन आलो. गोळ्या चष्म्याच्या घरात ठेवल्यात. हिला कळलंय. बोलत मात्र नाही. बोलून तर बघावं!

१६ जून

गणितवाल्यांच्या गाडीतून एका लग्नाला गेलो. अर्ध्या वाटेत माझी अवस्था बिकट. कपाळावर घाम, मुठी आवळलेल्या. सांगणार कोणत्या तोंडाने? तेवढ्यात मागून हिचा आवाज — "जरा थांबवता का गाडी? मला जायचंय."

तिला जायचं नव्हतं. निघण्याआधी जाऊन आली होती, सकाळपासून घोटभरसुद्धा पाणी प्यायली नव्हती. आरशात माझा चेहरा दिसला असणार तिला. पेट्रोल पंपावर थांबलो. 'आलोच आहोत तर' म्हणत मीही जाऊन आलो. जीव भांड्यात पडला.

गाडी सुरू झाल्यावर गणितवाले म्हणाले, "वहिनींसाठी प्रत्येक पंप गाठावा लागणार वाटतं!" मी म्हटलं, "पुढच्या वेळी बादलीच घेऊन येऊ." हशा पिकला. माझ्या जिभेवर शब्द तयारच असतो, त्याला मी काय करू? ही खिडकीबाहेर बघत बसली.

१७ जून

आभार मानायला हवे होते? छे! बायको आहे, एवढं करायचंच.

२० जुलै

गळणं थांबलेलं दिसतंय — हसणंच थांबलंय ना! पाहुणे आले की आतल्या खोलीत जाऊन बसते. बाथरूम स्वतः धुते, कपडे स्वतः धुते, तेही कडी लावून. कोणाला हात लावू देत नाही. लागली एकदाची शिस्त.

९ ऑगस्ट

सकाळी बाथरूममधून बाहेरच येईना. "काय गं, धरण बांधतेस का आत?" मग तिने आतून हाक मारली — शेजारणीला! मी दाराशी उभा, आणि हाक शेजारणीला! ती धावत आली, मला बाजूला सारून आत गेली. बाहेर आली ती पांढरीफटक. "सर, रिक्षा बोलवा. लवकर."

लघवी पूर्ण अडकली होती. रक्ताच्या गुठळीने वाट बंद केली होती. हॉस्पिटलात नळी घातली. नळीला लावलेली पिशवी लाल झाली.

"रक्त कधीपासून जातंय?" डॉक्टरांनी विचारलं.

"उन्हाळ्यापासून. दुखत नव्हतं काही."

न दुखता जाणारं रक्त. ते चांगलं नसतं, हे शिकवायला मला कोणी नको होतं. डॉक्टर माझ्याकडे वळले — घरात कोणाच्या लक्षात नाही आलं? माझ्या जिभेवर शब्द आला नाही.

नंतर खडसावलं तिला. "मला का नाही सांगितलंस?" तिने डोळे मिटून घेतले. मी हिच्या जागी असतो तर घर डोक्यावर घेतलं असतं. हिने इतके महिने तोंड शिवून घेतलं. मूर्ख बाई! मला भीती वाटतेय.

१२ ऑगस्ट

दुर्बिणीने आत बघितलं. मूत्राशयात गाठ. तुकडा तपासायला गेलाय. मुलगी माझ्याशी बोलत नाही.

१९ ऑगस्ट

आज रिपोर्ट येणार होता. मी खाली चहा आणायला गेलो होतो. परत आलो तर दार अर्धवट उघडं, आत डॉक्टर. तिचा आवाज अगदी शांत.

"यांना सांगितलंत?"

"नाही अजून."

"मग नका सांगू."

मी दोनदा विचारलं. डॉक्टरांनी सांगितलं नाही.