तुझ्या कपाळावरची नागीण

आई, आज वडगावच्या दवाखान्यात तुझ्या गावची एक म्हातारी आली होती. कमरेवर नागीण उठलेली आणि तिच्याभोवती गेरूचे ओले पट्टे. एरवी असं काही दिसलं की मी आधी रागावते. आज मात्र ओल्या कापसाने तो गेरू हळूहळू पुसत बसले. मातीचा तो वास नाकात शिरला आणि मी मनाने वडिवळ्याला, आपल्या पडवीत जाऊन पोचलेसुद्धा. म्हातारी म्हणाली, तुमच्या आईचा हात फार थंड होता. मग जराही आडपडदा न ठेवता तिने विचारलं, घरात कातडीची डॉक्टर असून याच दुखण्याने त्या माउलीचा डोळा कसा गेला? मी नेहमीचं उत्तर दिलं. त्या उत्तरापायीच हे लिहायला बसले आहे.

पडवीत भात वाळत घातलंय. तू सहाणेवर गेरू उगाळतेस, त्यात दूर्वांचा रस पिळतेस. समोर पाटावर कुणीतरी उघड्या पाठीने बसलेलं, आणि तू बोटाने फोडांच्या दोन्ही टोकांना हद्द आखतेस, नागिणीचं तोंड आणि शेपूट एक होऊ नये म्हणून. खाली धरणाचं पाणी चमकतं, त्याचा उजेड पडवीच्या आढ्यावर हलतो, आणि आता आठवताना सगळी पडवीच पाण्याखाली असल्यासारखी वाटते. एकदा तू माझं बोट वाटीत बुडवून एका मावशीच्या पाठीवर टेकवलंस आणि म्हणालीस, आजपासून तुलाही हात आला. मी नऊ वर्षांची होते. दोन दिवस ते बोट मी धुतलं नव्हतं.

पुढे त्याच बोटाची मला लाज वाटायला लागली. डॉक्टर होऊन आल्यावर तू भाकरी थापत असताना मी तुला धडाच दिला. कांजिण्या बऱ्या झाल्या तरी त्यांचा विषाणू अंगातून जात नाही, मज्जातंतूच्या मुळाशी वर्षानुवर्षं निजून राहतो. वय झालं, ताकद कमी झाली की एखाद्या तंतूच्या वाटेने कातडीवर येतो. तंतू अंगाच्या मध्यावर संपतो, म्हणून नागिणीची टोकं बहुधा कधी भिडतच नाहीत, गेरू असो वा नसो. तू भाकरी उलटलीस, तव्याकडे बघत राहिलीस.

"म्हंजी ती आदीपासनंच आत निजल्याली असती?" तू विचारलंस. मी हो म्हणाले. "मंग माज्याबी अंगात आसंल. ल्हानपनी मला लय कांजण्या आल्यावत्या."

घरात कुणी पाहुणी निजली असावी अशा हळू आवाजात तू ते म्हणालीस. मला हसू आलं होतं.

ती जागी झाली भातकापणीच्या दिवसांत, तुझ्या कपाळावर. मी रविवारी आले तेव्हा डावा डोळा सुजून मिटला होता. या दुखण्यात औषध पहिल्या दोन-तीन दिवसांत सुरू व्हावं लागतं, आणि कपाळावरची नागीण डोळ्यात उतरू शकते. तुला सहावा दिवस होता. पुण्याच्या इस्पितळात मी सगळ्यांदेखत तुझ्यावर ओरडले, गेरू फासत का बसलीस म्हणून. तू तर काहीच लावलं नव्हतंस.

"आपल्या नागिनीला आपला हात चालत न्हाई," तू म्हणालीस. "घरात तुलाच हात हाय. म्हून तुजी वाट बगत व्हते."

सोबत आलेला माझा भाऊ वैतागून म्हणाला, आई हट्टीच आहे. मी मान डोलावली. तेव्हापासून माझं उत्तर ठरून गेलं: आईने दुखणं अंगावर काढलं, मला कळवलंच नाही. नातेवाइकांना हेच सांगितलं. लोणावळ्याला एका शाळेत बायकांसमोर बोलताना तुझं उदाहरण दिलं, तेव्हा तू पहिल्या रांगेत बसून उरलेल्या एका डोळ्याने माझ्याकडे कौतुकाने बघत होतीस.

पण तू कळवलं होतंस. मंगळवारी दुपारी तुझा फोन आला. कपाळाची लय आग हुतीया, यीऊन जा, एवढंच म्हणालीस. बाहेर पेशंट खोळंबले होते. आग एकाच बाजूला होतेय का, हा एक प्रश्न मी परक्या माणसालाही विचारते, तुला नाही विचारला. उन्हात जाऊ नकोस, खोबरेल लाव, रविवारी बघते, असं सांगून फोन ठेवला. या फोनबद्दल तू मरेपर्यंत चकार शब्द काढला नाहीस, माझ्याजवळसुद्धा.

आज माझं उत्तर ऐकून म्हातारी म्हणाली, व्हय, लय हट्टी बाई. मी तिला गोळ्या लिहून दिल्या. तू नाहीस म्हणून हे पाठवता येत नाही, असं म्हणणं सोपं आहे. भाऊ वरच्याच मजल्यावर राहतो, अजून जागा आहे, त्याच्या खुर्चीचा आवाज येतोय. त्याच्या हातात हा कागद द्यायला बारा पायऱ्या चढाव्या लागतील. मी चढणार नाही, आई.