पाटीवरचं शेवटचं नाव

नागपूर, ४ फेब्रुवारी १९६४

ती. मायच्या चरणी शामलाचा सा. न.

मी आणि बाळ बरे आहोत. सोमवारी बारसं आहे. नाव कानात आत्या सांगेल, पण बाळाला पाळण्यात तूच घालायचं. सासूबाई हो म्हणाल्या आहेत. सकाळच्या एस.टी.नं ये. आता पेपर वाचतेस, तेव्हा सोबत शोधत बसू नको.

माझ्या वाटणीचा थोडा लोभ बाळासाठी काढून ठेव.

तुझी शामला

कुही, १२ फेब्रुवारी

चि. सौ. शामलास आशीर्वाद.

सोमवारी आले नाही, ते असं झालं. स्टँडवर एस.टी. उभी होती. पाटीवर पहिलंच नाव नागपूर. वाचता येतं म्हणून कोणाला विचारलं नाही, बसले. ती नागपूरहून येऊन मांढळला चालली होती. गर्दीतून कंडक्टर माझ्यापाशी पोचला तेव्हा मांढळ दिसायला लागलं होतं. म्हणाला, नागपूर तं पाठीमागं राहिलं वं माय.

एस.टी. यायच्या आधी तुझे बाबा सर्व्हिस मोटर चालवत, तेव्हा तिला एकच पाटी होती, नागपूर. जातानाही तीच, येतानाही तीच. त्या पाटीवरूनच मी अक्षरं लावायला शिकले. येताना ती बदलत काहून नाही, असं विचारलं, तर म्हणत, घरी येणाऱ्याले पाटी कायले पाहिजे. त्यांना जाऊन तीन वर्षं झाली. आता पाटीवर दोन नावं असतात आणि माझा गोंधळ होतो.

तुझे डिंकाचे लाडू परत आणले. रागावलीस तरी पत्र टाक.

तुझी माय

नागपूर, १५ फेब्रुवारी

ती. मायला सा. न.

रागवावं की हसावं, कळत नाही. नागपूरचा रस्ता तुला पाठ आहे. बाबांच्या मोटरीत बसून किती वेळा आलीस. मग मांढळपर्यंत गप्प कशी राहिलीस? सासूबाईंनी विचारलं, मोटर चुकली की चुकवली? मी त्यांच्याशी भांडले. आता मीच तुला तेच विचारते आहे.

नाव अनंत ठेवलं. पाळण्यात मात्र कोणाला घालू दिलं नाही. बायकांनी रिकामा पाळणा हलवून गाणी म्हटली. तो अजून माझ्याजवळच झोपतो.

खरं असेल ते लिही. लोभ कमी होणार नाही.

शामला

कुही, १८ फेब्रुवारी

चि. सौ. शामलास आशीर्वाद.

पाटी खरंच चुकले. पण पहिल्याच वळणावर रस्ता ओळखला होता. उठावं वाटलं आणि उठले नाही. सवाष्णींमध्ये माझे हात पुढे आले तर कोणी बोलेल याची भीती होती, की सगळ्या गप्प राहतील याची, ते अजून समजत नाही. लाडवांचा डबा घट्ट धरून बसले, एवढं आठवतं.

रिकाम्या पाळण्याचं वाचलं आणि निसायचे तांदूळ तसेच ठेवून स्टँडवरच्या नत्थूजींच्या चहाच्या टपरीवर गेले. या वेळी विचारायला लाजले नाही. ते म्हणाले, वहिनी, गाडी जाते ते नाव शेवटी असते.

शुक्रवारी शेवटचं नाव वाचून बसते. पाळण्यात दुपटं अंथरून ठेव.

आल्यावर बोलशील ते ऐकून घेईन. लोभ असू दे.

तुझी माय