शेठच्या टॅबचं वेगळेपण

१७ मार्च, सकाळ
आजपासून सिरियस. आमच्या कस्तुरचंद शेठनं दुकानाच्या नावाचा स्वस्त टॅब काढला. म्हणाले, "रविकांत, कारंजात असे टॅब गल्लोगल्ली हायेत. आपल्यात वेगळं काय, ते शोध. पटलं तर तुले गावोगावची फिरती देतो, गाडीभाडं माझं." हिंडायचं अन् वरून पगार! आज रात्रीत आयडिया काढणार.

१८ मार्च
झोप लागली.

१९ मार्च, दुपार
समोरच्या हरीओमच्या दुकानात गुपचूप पाहणी. चार्जर तोच, डबा तोच, स्क्रीनवरचा डोंगरही तोच. हरीओम म्हणाला, "काहून रे, तुमचाच माल इथं पाहून राह्यला?" त्याला संशय आला नाही. लीड माझ्याकडंच.

२२ मार्च
मार्केट सर्वेसाठी पोहरादेवीची जत्रा. आकाशपाळण्यात बसलो, वरून गिऱ्हाईक नीट दिसतं. परतीची एसटी हुकली.

२५ मार्च
सापडलं! शेठ जैन. त्यांच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत. मग टॅबनंच मावळतीआधी हाक मारायची! माझ्याच आवाजात भरली: "आजी, दिवस मावळून राह्यला, जेवून घ्या." ट्रायलला टॅब शेठच्या आईकडं, प्रेमाबाईंकडं. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून त्यांना उजेडाचा अंदाज येत नाही. सूनबाई पुण्याला नातवाकडं, अर्हमकडं, शेठ दुकानात, आजी घरी एकट्या. मी बॅग भरून ठेवली.

२८ मार्च
आजी खूश. शेठला म्हणाल्या, "आपला अर्हम फोन नाही करत, अन् हा पोट्टा रोज जेवाले बोलावते!" प्रमोशन पक्कं.

३० मार्च
टॅबची बॅटरी बसली. हाक गेलीच नाही. चार्जिंगचं माझ्याकडं होतं, पण मी स्टँडवर बसचे रूट बघत होतो. आजी हाकेची वाट बघत बसल्या. शेठ घरी पोचले तर अंधार. उपाशीच झोपल्या. मुद्दा असा की आवाज क्लिअर होता.

३१ मार्च
शेठनं नवा टॅब नेला. आजींनी हातही लावला नाही. "हा डब्बा कायले? हाकेवाल्यालेच पाठव."

२ एप्रिल
दुकानावर बोर्ड: टॅब घ्या, संध्याकाळी हाक मारायला माणूस मोफत. शेठ म्हणाले, "वेगळेपण तूच निघाला लेका! घे फिरती." फिरती म्हणजे आजी अन् मागच्या गल्लीतली टॅब घेतलेली तीन घरं. पायी. गाडीभाड्याचा प्रश्न नाही.

९ एप्रिल, संध्याकाळ
मानोऱ्याची बस गेली. आजींच्या ओट्यावरून हॉर्न ऐकला. त्या जेवेपर्यंत उठू देत नाहीत, मलाही वाढतात. आज पुन्हा गिलक्याची भाजी. आवडत नाही, हे उद्या सांगणार.
मागच्या तिन्ही घरांनी टॅब परत केले. मला ठेवून घेतलं.